धडा उघडण्याआधीची आठ मिनिटं

आधी हा उतारा वाचा. एका दमात, मागं न येता.

‘पाणी चांगलं तापलेलं हवं, नाहीतर पुढं सगळं तुटत जातं. जोर मनगटाजवळून द्यायचा, बोटांनी नाही. खाली थोडं भुरभुरलेलं असलं म्हणजे फिरताना अडत नाही. कडा फाटू लागल्या तर गोळा करून पुन्हा पहिल्यापासून. जागेवर गेल्या गेल्या वरून ओला हात फिरवायचा. उलटायचं एकदाच, त्यानंतर थेट. नीट जमलं असेल तर ते आपलं आपणच सांगतं.’

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका बाईंनी हा उतारा लिहून आणला आणि शिक्षण परिषदेत वाचून दाखवला. बाई मंडळी तिसऱ्या वाक्यालाच हसायला लागल्या. आम्ही गुरुजी लोक एकमेकांची तोंडं बघत होतो. मी तर शेवटपर्यंत शाडूच्या गणपतीपाशीच अडकलो होतो. विषय होता भाकरी. आता पुन्हा वाचून बघा.

यात अवघड शब्द एकही नाही. पाचवीचं पोरगं हे घडाघडा वाचेल. फरक एवढाच, की बाईंच्या डोक्यात परात आणि तवा आधीपासून मांडून ठेवलेले होते. वाक्य आलं की ते जागेवर जाऊन बसत होतं. आमच्याकडं ठेवायला जागाच नव्हती, म्हणून वाक्यं आली तशी निघून गेली.

१९७२ मध्ये जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी असाच एक प्रयोग केला होता. उतारा कपडे धुण्याबद्दलचा, पण कपडे हा शब्द त्यात कुठंच नाही. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना उतारा समजला आणि पुष्कळ लक्षातही राहिला. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला त्यांची गत विषय मुळीच न सांगितलेल्यांसारखीच झाली. नव्यानं रुजू झालेल्या शिक्षणसेवकांना मी हा प्रयोग नेहमी सांगतो, कारण आपली सगळी मेहनत नेमकी धडा वाचून झाल्यानंतर सुरू होते. ‘पान नंबर बेचाळीस काढा’, आदर्श वाचन, पोरांचं प्रकट वाचन, मग शब्दार्थ, मग ‘कोण कोणास म्हणाले’. मदत येते, पण गाडी गेल्यावर.

मी आठ वर्षं जत तालुक्यात होतो आणि आता कृष्णाकाठाला पलूस तालुक्यात आहे. एकाच सांगली जिल्ह्यातली ही दोन टोकं, जत दुष्काळी आणि पलूस नदीकाठचं. होडीवरचा एक साधा पाठ मी दोन्हीकडं शिकवला. जतला पोरांना होडी चित्रातच माहीत. वल्हं म्हणजे काय हे सांगायला मला फळ्यावर काढावं लागलं. इकडं काही पोरं पुरात होडीतून बाहेर आलेली. पुस्तक तेच, पण वर्गात सुरुवात एकाच वाक्यानं करता येत नाही. वाचनपूर्व कृती, म्हणजे धडा उघडण्याआधी वर्गात करायच्या गोष्टी, छापील तक्त्यातून उचलता येत नाहीत, त्या आपल्या पोरांकडं बघून ठरवाव्या लागतात, त्याचं कारण हे.

पुढं जे सांगतो ते सहावीच्या वर्गातल्या एका उताऱ्यावरून सांगतो. उतारा मीच लिहिलेला आहे, हवा तर तसाच वापरा.

‘सांगलीजवळच्या हरिपूर परिसरात जमिनीखाली हळदीची पेवं आहेत. वरून बघितलं तर जेमतेम एक माणूस उतरेल एवढं तोंड, आत मात्र खोलीएवढी जागा. वाळवलेली हळद आत भरून तोंड मातीनं बंद करतात. आत हवा खेळत नाही, त्यामुळं हळदीला कीड लागत नाही. पेव उघडलं तरी हमाल लगेच उतरत नाहीत. काही तास थांबतात. मग पेटता कंदील दोरीनं खाली सोडतात. कंदील विझला तर वर ओढून घेतात आणि पुन्हा वाट बघत बसतात. २००५ च्या महापुरात पाणी शिरून यातली पुष्कळ पेवं निकामी झाली.’

आदल्या दिवशी: ठेच कुठं लागणार?

उतारा पोराच्या डोळ्यांनी वाचा आणि पेन्सिलीनं दोनच खुणा करा. एक, पोराला हमखास ठेच लागेल ती जागा. दोन, पोराला जे कळलंच पाहिजे ते एक वाक्य. वरच्या उताऱ्यात दोन्ही खुणा एकाच ठिकाणी पडतात: कंदील का सोडतात? याचं उत्तर उताऱ्यात कुठंच छापलेलं नाही. ते पोरानं स्वतः जोडायचं आहे. आत माणसाला श्वास घेण्याजोगी हवा आहे का, हे कंदील सांगतो, एवढं पोराला उमगलं तर उतारा समजला. नाही उमगलं तर ते ‘कंदील कशाला? अंधार असतो म्हणून’ असं लिहून मोकळं होतं. एका वर्षी माझ्या निम्म्या वर्गानं हेच लिहिलं होतं.

खुणा झाल्या की एकच कृती निवडा. नवीन शिक्षक उत्साहानं चित्र, शब्दकोडं, चर्चा, तक्ता असं सगळं एकाच तासिकेत कोंबतात आणि घंटा होते तेव्हा धडा उघडलेलाच नसतो. माझा हिशेब आठ मिनिटांचा. खडू खाली ठेवायची वेळ झाली की ठेवायचा, चर्चा कितीही रंगली असली तरी.

शब्द तीन, फार तर चार

उताऱ्यातला प्रत्येक अवघड शब्द आधी सांगायचा नसतो. जो शब्द अडला तर पुढचं सगळंच अडेल, आणि आजूबाजूच्या वाक्यांवरून ज्याचा अंदाज बांधता येणार नाही, तेवढाच घ्यायचा. इथं तो शब्द ‘पेव’. ‘जेमतेम’ मी मुद्दाम सोडतो, कारण ‘एक माणूस उतरेल एवढं’ हे शेजारीच आहे. ‘निकामी’सुद्धा सोडतो, पाणी शिरल्यावर काय होणार हे आमच्याकडच्या पोरांना सांगावं लागत नाही. जतला असतो तर कदाचित घेतला असता.

शब्द सांगताना ‘पेव म्हणजे भूमिगत साठवणगृह’ असं फळ्यावर लिहू नका. एका अनोळखी शब्दाच्या जागी दोन आले, एवढंच होतं. मी फळ्यावर फक्त आकृती काढतो: वर जमिनीची रेघ, त्यात एक बारीक तोंड आणि खाली फुगीर पोट. विचारतो, घागरीसारखं दिसतंय, पण हे जमिनीत आहे. काय ठेवत असतील? गेल्या वेळी बीडकडून ऊस तोडणाऱ्या टोळीबरोबर आलेला एक मुलगा, चार दिवस तोंड न उघडलेला, म्हणाला, ‘सर, आमच्याकडं बळद असतंय. ज्वारी ठिवत्यात.’ धान्य साठवायची जागा, बरोबर. त्याच्या बळदावरून आम्ही पेवाकडं आलो. दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत साखर कारखान्याच्या भागातल्या शाळांत अशी पोरं येतात. पुस्तकात ती मागं असतात हे खरं, पण त्यांच्या पोतडीत काय काय आहे हे आपण विचारतच नाही. जतच्या वर्गात असंच घरी कानडी बोलणारं पोर हळदीला ‘अरिशिन’ म्हणायचं. म्हणू द्या. वाचनाआधीच्या गप्पा घरच्या भाषेत झाल्या तर काही बिघडत नाही. डोक्यातलं बाहेर येणं महत्त्वाचं.

वेळ उरला तर ‘अफवांचं पेव फुटलं’ हा वर्तमानपत्री वाक्प्रचार टाकून बघा. पण वाचन झाल्यावर.

डोक्यातलं वर काढा, पण धडा सांगू नका

नवखा शिक्षक सगळ्यात जास्त इथं घसरतो. ‘मुलांनो, आज आपण पेवाविषयी वाचणार आहोत. पेवात हवा नसते, म्हणून कामगार आधी कंदील सोडतात, विझला तर उतरत नाहीत.’ झालं, धडा संपला. आता पोरानं वाचायचं कशासाठी? हुशार पोरं सरांची वाक्यं उत्तरात उतरवतात, आपण खूश होतो, आणि पोरांना वाचता येत नाही हे परीक्षेत अनोळखी उतारा आला की कळतं. प्रस्तावना या नावाखाली मीही पहिली तीन वर्षं हेच केलं.

त्याऐवजी मी एक मेणबत्ती आणि काचेचा ग्लास घेऊन जातो. मेणबत्ती टेबलावर लावायची, ग्लास पालथा घालायचा. वर्ग चिडीचूप. ज्योत बारीक होते, लवते, विझते.

‘का इझली?’

‘हवा संपली.’ ‘न्हाई सर, धूर झाला.’ ‘प्राणवायू!’ (हा विज्ञानात पहिला येणारा.)

मी बरोबर-चूक काहीच म्हणत नाही. ग्लास उचलतो आणि दुसरा प्रश्न टाकतो: ‘ग्लासात मेणबत्तीच्या जागी माणूस असता तर?’ जरा हसाहस होते, मग शांतता. तेवढ्यावर सोडून मेणबत्ती पिशवीत. पेवाचा ‘प’ही काढायचा नाही.

मग उतारा. कंदिलाच्या वाक्यापाशी आलं की दोन-चार पोरं वहीतून डोकं वर काढून माझ्याकडं बघतात. त्या बघण्यासाठी मी दर वर्षी हा उतारा घेतो. जोडणी त्यांनी केलेली असते. मी फक्त सुटे भाग हाताशी ठेवले होते. मदत आणि आयतं यातली रेघ अशी आहे: पोराला लागणारी माहिती द्या, पण ती धड्यात कुठं बसते ते सांगू नका.

प्रत्येक पाठाला मेणबत्ती सापडत नाही. तेव्हा प्रश्नच विचारावा लागतो, आणि तिथं ‘हळद माहितीये का?’ असं विचारलंत तर ‘होऽऽऽ सर’ एवढंच मिळेल. ‘हळद काढल्यापासून डब्यात येईपर्यंत तिचं काय काय होतं? शेजाऱ्याला दोन मिनिटं सांग’ असं विचारा. दोघादोघांत बोलायला लावलं की वर्गातली नेहमीची तीन पोरं उत्तरं पळवू शकत नाहीत. आमच्याकडं हळद शिजवण्याची, वाळवण्याची, पॉलिश करण्याची बारीकसारीक माहिती अशा पोरांकडून आली, ज्यांच्या प्रगतिपुस्तकाकडं बघवत नाही.

बरोबर की चूक

माहितीपर उताऱ्याला ही कृती फार चांगली बसते, आणि तयारीला पाच मिनिटं पुरतात. फळ्यावर चार विधानं लिहा:

हळद जमिनीखाली ठेवली तर कुजते.
पेवाचं तोंड जेवढं रुंद, तेवढंच ते आत रुंद.
पेव उघडल्या उघडल्या माणूस आत उतरतो.
पेव जमिनीखाली असल्यानं त्याला पुराचा धोका नसतो.

प्रत्येकानं वहीत खूण करायची. नुसते हात वर करायला लावलेत तर पोरं पहिल्या बाकाकडं बघून हात वर करतात. वहीत लिहिलेलं बदलता येत नाही. मग वाचायचं, आणि ज्या वाक्यावरून आपली खूण बरोबर किंवा चूक ठरली त्या वाक्याखाली रेघ मारायची. ही रेघ विसरू नका. तिच्यामुळं पोर उताऱ्यात परत जातं, नाहीतर हा सगळा नुसता नाणेफेकीचा खेळ होतो.

विधान चांगलं की वाईट हे ओळखायची खूण अशी: त्यावर वर्ग दुभंगला पाहिजे. सगळे एका बाजूला गेले तर ते विधान पुसून टाका.

गोष्टीच्या पाठाला विधानं नकोत. तिथं शीर्षक आणि पहिला परिच्छेद वाचून थांबायचं, ‘पुढं काय होईल?’ एका ओळीत लिहून घ्यायचं, आणि मग पुढं जायचं. अंदाज चुकला म्हणून कुणाला हसू द्यायचं नाही. चुकलेला अंदाज घेऊन वाचणारं पोर जास्त डोळे उघडे ठेवून वाचतं, हे मी बघितलंय. कवितेला मात्र यातलं काहीही करू नका. कविता आधी ऐकवावी.

जिथं हात घालू नये

कृष्णाकाठाला आलो त्या पहिल्याच वर्षी पावसावरचा एक पाठ होता. मोठ्या तयारीनं फळ्याच्या मधोमध ‘पूर’ लिहिलं, भोवती वर्तुळ काढलं आणि विचारलं, ‘पूर म्हटलं की काय काय आठवतं?’ पाणी, चिखल, साप, शाळेला सुट्टी, सगळं येत गेलं, मी काड्या काढत गेलो. खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘आमची म्हस.’ एवढंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं काय झालं होतं ते मी बातम्यांत बघितलं होतं. या पोरांनी ते अंगावर घेतलं होतं. मला काही सुचेना. मी ‘बरं’ म्हणालो आणि फळ्यावर ‘म्हैस’ लिहिलं. आजही ते आठवलं की लाज वाटते.

तेव्हापासून एक पथ्य पाळतो. ज्या विषयात पोरांचं घर, जनावर, माणूस गेलेलं असू शकतं तिथं ‘तुम्हाला काय आठवतं’ असं विचारायचं नाही. ‘गावात पाणी चढायला लागलं तर लोक आधी काय हलवतात, आणि का?’ असं विचारतो. ज्याला स्वतःचं सांगायचं असेल तो सांगतो, ज्याला नसेल त्याला दुसऱ्याचं सांगता येतं. बापाची दारू, आईचं माहेरी जाणं, कर्ज, यांनाही हेच लागू. आणि एखादं पोर बोललंच, तर धडा राहू द्या बाजूला. आठ मिनिटांचा नियम त्या दिवशी नाही.

तीन रकान्यांचा तक्ता

प्रशिक्षणात हा तुम्हाला हमखास शिकवतील: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय कळलं. डोना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि चांगली आहे, पण आपल्याकडं मधला रकाना मरतो. पोरं तिथं ‘मला पेवाविषयी संपूर्ण माहिती जाणून घ्यायची आहे’ असं शुद्ध पुस्तकी वाक्य लिहितात. त्यांना प्रश्न विचारायची सवयच आपण लावलेली नसते. म्हणून मी पहिला रकाना भरताना जिथं दोन पोरांचं जुळत नाही तिथं थांबतो. एक म्हणतो, हळदीला कीड लागते. दुसरी म्हणते, लागत नाही. ‘मग खरं काय?’ हा झाला मधल्या रकान्यातला प्रश्न, आणि तो खराखुरा आहे. असे दोन प्रश्न पुरेत.

मग वाचू द्या

आठ मिनिटं संपली की एक वाक्य फळ्यावर ठेवा, जे डोक्यात घेऊन पोर वाचेल. ‘हमाल वाट का बघतात?’ बस्स. आणि मग खरंच गप्प बसा. पहिलं वाचन मूक वाचन असू द्या. वाचून झाल्यावर फळ्यावरचे अंदाज, विधानं, प्रश्न यांच्याकडं परत यायचंच. सुरुवातीला मी घंटेच्या घाईत हे टाळायचो. पोरांनी दोन आठवड्यांत ओळखलं की सर विचारतात, पण परत कधी येत नाहीत. मग अंदाज लिहिणं म्हणजे त्यांना भुर्दंड वाटायला लागला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या पोराला अजून अक्षरं जोडून वाचता येत नाहीत, त्याला या कृतींनी उतारा वाचता येणार नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचा हिशेब गुणाकारात मांडला: अक्षर वाचता येणं गुणिले भाषा समजणं. एका बाजूला शून्य असेल तर गुणाकार शून्यच. या पोरांना आठ मिनिटांच्या गप्पांत पूर्ण सामील करा, उतारा जोडीदारानं वाचून दाखवू द्या, पण अक्षरांचं काम त्यांच्याबरोबर वेगळ्या वेळी, रोज, करावंच लागेल. सहावीत आहे म्हणून लाजू नका, तुम्हीही आणि त्यालाही लाजू देऊ नका.

सुरुवात आठवड्यातून एकाच पाठानं करा, आणि तीही परिसर अभ्यासाच्या किंवा विज्ञानाच्या. भाषेच्या तासाला सवयीनं आपण पुन्हा शब्दार्थांकडं वळतो. टाचणवहीत त्या दिवसाखाली तीन गोष्टी टिपून ठेवा: कोणती कृती केली, किती मिनिटं गेली, आणि कोणत्या पोरानं अनपेक्षित काही सांगितलं. माझ्या वहीत गेल्या नोव्हेंबरच्या एका पानावर फक्त ‘बळद’ एवढाच शब्द आहे. यंदा टोळ्या आल्या की त्याच शब्दापासून सुरू करणार आहे.